काय उरले आहे, हे आधी विचारा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास-शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

या शिबिराच्या विषयपत्रिकेवर पाणी, शेतीमालाचे भाव, शिक्षण, कंत्राटी कामगार असे विषय आहेत. त्यांच्या पंगतीत मानसिक आजार हा विषय काहींना उपरा वाटेल. तो डॉक्टरांचा विषय आहे, फार तर एखाद्या कुटुंबाच्या दुर्दैवाचा आहे, त्यात कार्यकर्त्याने काय करायचे, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. तो प्रश्न मी टाळू इच्छीत नाही. माझे आजचे सारे बोलणे त्याच प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे.

ज्या आजारांविषयी मी बोलणार आहे, त्यांना वैद्यकशास्त्रात सायकोसिस असे नाव आहे. स्किझोफ्रेनिया हा त्यातला ऐकून माहीत असलेला प्रकार. या अवस्थेत माणसाचा वास्तवाशी असलेला धागा काही काळ सुटतो. इतरांना ऐकू न येणारे आवाज त्याला ऐकू येतात; शेजारी आपल्यावर पाळत ठेवून आहेत, अशी त्याची पक्की खात्री होते; विचारांची संगती तुटते, झोप उडते आणि माणूस हळूहळू आपल्यातच मिटत जातो. हे म्हातारपणाचे दुखणे नव्हे. बहुतेकांना ते पंधरा ते तीस या वयात प्रथम गाठते. शिक्षण पुरे व्हायचे असते, पहिली नोकरी लागायची असते, घरात लग्नाच्या गोष्टी निघालेल्या असतात, नेमक्या त्या वळणावर ते येते. त्यामुळे भास औषधाने शमले तरी आयुष्याची सुटलेली गाडी पुन्हा पकडणे अवघड होऊन बसते. दोन वर्षे मागे पडलेल्या मुलाला महाविद्यालय विसरते, मित्र विसरतात आणि काही दिवसांनी घरही त्याच्याकडून काही अपेक्षा करण्याचे सोडून देते.

निराशेचा वारसा

ही अपेक्षा सोडून देण्याची वृत्ती केवळ अडाणीपणातून आलेली नाही. तिला शास्त्राचाही आधार मिळालेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने या आजाराला जे नाव रूढ केले, त्याचा अर्थच मुळी ‘अकाली बुद्धिभ्रंश’ असा होता. तारुण्यातच बुद्धी ढासळू लागते आणि ढासळतच जाते, असे चित्र त्या नावात गृहीत होते. स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये स्किझोफ्रेनिया हे नाव सुचवले. परंतु नाव बदलले तरी चित्र पुसले गेले नाही. ज्याचे पुढे काही होणार नाही असे ठरले, त्याच्यासाठी चार भिंती पुरेशा मानल्या गेल्या. आपल्या देशात त्या भिंतींच्या जोडीला साखळदंडही आला. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एर्वाडी येथे लागलेल्या आगीत २८ मनोरुग्ण जळून मेले, कारण ते साखळीने बांधलेले होते आणि पळू शकत नव्हते.

आजार सर्वस्वी ढासळतच जातो, हे मुळात खरे नाही. अमेरिकेतील व्हर्मांट राज्याच्या सरकारी मनोरुग्णालयात वर्षानुवर्षे पडून राहिलेले २६९ रुग्ण १९५० च्या दशकात पुनर्वसनाच्या एका कार्यक्रमातून बाहेर आणले गेले होते. कोर्टनी हार्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा मागोवा घेतला आणि निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध केले. ज्यांना शास्त्राने जवळजवळ टाकून दिले होते, अशा या लोकांपैकी निम्म्याहून अधिक जण तीन दशकांनंतर चांगले सुधारलेले किंवा बरे झालेले आढळले. सर्वच बरे होतात, असा याचा अर्थ नाही. पण कोण बरा होणार नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही, एवढे त्यावरून निश्चित ठरते.

केसपेपर आणि माणूस

आता कल्पनेनेच एक उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याच्या गावी वीस वर्षांचा एक मुलगा आहे. वडील एस.टी.त वाहक, आई अंगणवाडीत मदतनीस. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याला आवाज ऐकू येऊ लागतात आणि वर्गात जाणे बंद होते. रुग्णालयाच्या केसपेपरवर नोंद होते : भास आहेत, संशय आहे, स्वच्छतेकडे दुर्लक्ष, कामात लक्ष नाही, आजाराची जाण नाही. यातील प्रत्येक नोंद खरी आहे आणि उपचारासाठी आवश्यकही आहे. तरीही ती यादी वाचून हा मुलगा कोण आहे, हे कळत नाही. कारण हाच मुलगा भजनी मंडळात पखवाज वाजवत होता. काकाच्या दुकानात बसून पाण्याच्या जळलेल्या मोटारी भरायला तो शिकला होता. आजही, आवाज चालू असताना, घरच्या शेळ्यांचे चारापाणी तो वेळच्या वेळी करतो. केसपेपरवर यासाठी रकाना नसतो.

हा रकाना असला पाहिजे, असे सांगणारी एक विचारसरणी १९८० च्या दशकात अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाच्या समाजकार्य विभागात आकाराला आली. चार्ल्स रॅप हे तिच्या प्रमुख प्रवर्तकांपैकी एक. रुग्णाच्या उणिवांची मोजदाद करण्याऐवजी त्याच्या बलस्थानांपासून कामाला सुरुवात करावी, हे तिचे सूत्र. पद्धत अगदी साधी आहे. घर, पैसा, शिक्षण व काम, जवळची माणसे, प्रकृती, विरंगुळा, श्रद्धा अशी आयुष्याची अंगे घ्यायची आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहायच्या : आज काय आहे, पुढे काय हवे आहे आणि पूर्वी काय होते. लिहायचे ते त्या माणसाच्याच शब्दांत. पुढची दिशा त्याने ठरवायची, कार्यकर्त्याने सोबत करायची. भेटायचे तेही शक्यतो कचेरीत नव्हे, तर तो जिथे राहतो, वावरतो तिथे. या विचारसरणीत गाव किंवा वस्ती ही अडचण मानली जात नाही. तिथेच मदतीचे झरे आहेत, असे धरून चालायचे असते.

आपल्या उदाहरणातील मुलाला हे तीन प्रश्न विचारले, तर कदाचित तो म्हणेल की परीक्षेचे आत्ता नको, पण मोटारीचे काम जमेल. मग काकांना भेटावे लागेल. दिवसातून दोनच तास, गर्दी नसताना, ओळखीच्या माणसाशेजारी बसून काम असे ठरवावे लागेल. गोळीने सकाळी सुस्ती येते, तर कामाची वेळ दुपारची ठेवावी लागेल आणि मात्रेविषयी डॉक्टरांशी बोलावे लागेल. भासांवर औषध चालूच राहील. परंतु औषध कशासाठी घ्यायचे, याला त्या मुलाच्या दृष्टीने आता एक कारण मिळालेले असेल. तरुण मुले औषध मध्येच सोडतात, ही डॉक्टरांची नेहमीची तक्रार असते. वजन वाढते, अंग जड होते, हात थरथरतात आणि बदल्यात काय मिळते, तर घरात गप्प बसून राहणे. असा सौदा कोणता तरुण मनापासून पत्करील?

अनुभव काय सांगतो

हे बोलणे ऐकायला गोड आहे, पण त्याला आधार काय, असे कोणी विचारील. विचारलेच पाहिजे.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे पॅट्रिक मॅकगोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये पहिल्यांदाच आजारी पडलेल्या तरुणांसाठी स्वतंत्र सेवा सुरू केली. तिथे ४१ तरुणांवर झालेला एक छोटा प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी २० जणांना नेहमीच्या उपचाराबरोबर नोकरी शोधून देणारा आणि नोकरी लागल्यावरही पाठीशी राहणारा एक कार्यकर्ता देण्यात आला. आधी पूर्ण बरा हो, प्रशिक्षण घे, मग नोकरीचे पाहू, असे त्यांना सांगितले नाही. काम करायची इच्छा, एवढीच पात्रता मानली. सहा महिन्यांत त्या २० पैकी १३ जणांना काम मिळाले. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या २१ जणांत ही संख्या २ होती. प्रयोग लहान आहे. पण जे अशक्य समजले जात होते, ते पाठबळ मिळताच शक्य झाले, हे त्यातून दिसते.

अमेरिकेत २१ राज्यांतील ३४ दवाखान्यांत आणि ४०४ रुग्णांवर झालेल्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. औषधे, कुटुंबाशी संवाद, स्वतःची बलस्थाने ओळखायला शिकवणारी व्यक्तिगत भेट आणि शिक्षण-नोकरीसाठी मदत हे सारे एकत्र मिळालेले तरुण उपचारात जास्त काळ टिकले, त्यांचे जगणे अधिक सुधारले आणि कामाकडे वा शिक्षणाकडे ते अधिक प्रमाणात वळले. रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत सारखेच राहिले. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट उघड झाली. आजार सुरू झाल्यापासून योग्य उपचार मिळेपर्यंत गेलेल्या काळाचा मध्यांक ७४ आठवडे होता आणि ज्यांचा कमी काळ वाया गेला होता, त्यांना अधिक लाभ झाला.

हा वाया जाणारा काळ कमी करता येतो का? नॉर्वेतील रोगालँड भागाने त्याचे उत्तर दिले आहे. तिथे १९९७ पासून वर्तमानपत्रे, रेडिओ आणि चित्रपटगृहांतून आजाराची लक्षणे लोकांना सांगितली गेली, शिक्षकांना आणि डॉक्टरांना शिकवले गेले आणि कोणीही बोलावले तर तातडीने येणारी पथके नेमली गेली. उपचारापूर्वीच्या काळाचा मध्यांक पूर्वी २६ आठवडे होता, तो ५ आठवड्यांवर आला. मोहीम थांबली, तेव्हा तो पुन्हा १५ आठवड्यांपर्यंत वाढला. पथके कायम होती. थांबले होते ते लोकांशी बोलणे.

डेन्मार्कचा धडाही याच जातीचा आहे. तिथे ५४७ तरुणांवरील प्रयोगात एका कार्यकर्त्याकडे सुमारे दहाच रुग्ण देऊन दोन वर्षे सघन मदत दिली गेली आणि परिणाम चांगले आले. दोन वर्षांनी मदत काढून घेतल्यावर पाचव्या वर्षापर्यंत त्यातले बहुतेक फायदे ओसरले. आधार म्हणजे एकदाच द्यावयाचा डोस नव्हे, हे यातून शिकायचे.

आपल्याकडे

हे सारे श्रीमंत देशांचे झाले. आपले काय? सातारा जिल्हा, गोवा आणि तामिळनाडू अशा तीन ठिकाणी स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्व वयोगटांतील आणि जुने रुग्ण त्यात होते, म्हणून तो तंतोतंत आपल्या विषयाचा नव्हे. परंतु त्यात घरोघर जाणारे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. स्थानिक, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. केवळ दवाखान्यातील उपचारांपेक्षा या पद्धतीने रुग्णांची लक्षणे आणि दैनंदिन व्यवहारातील अडचणी काहीशा अधिक कमी झाल्या. परिणाम मर्यादित होता आणि तामिळनाडूत तो सर्वांत ठळक होता. अतिशयोक्ती न करता एवढे म्हणता येते की, हे काम तज्ज्ञाविना अडून राहण्यासारखे नाही. चेन्नई आणि कॅनडातील माँट्रियल येथे पहिल्यांदा आजारी पडलेल्या तरुणांचा तुलनात्मक अभ्यास झाला, त्यात चेन्नईत कुटुंबे उपचारात अधिक सहभागी होती आणि दोन वर्षांनंतर निरुत्साह व मिटून जाणे यांसारखी लक्षणे तिथे कमी होती.

दुसऱ्या बाजूला वस्तुस्थिती कठोर आहे. २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत अशा तीव्र आजारांच्या सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचे आढळले. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. म्हणून येथे चित्र निराळे असेल, असे समजण्याचे कारण नाही. आपली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. अक्कलकुव्याच्या किंवा अहेरीच्या मजुराने आपल्या मुलीला घेऊन तिथवर किती फेऱ्या माराव्यात? आणि मुलगी असली की प्रश्न दुहेरी होतो. लग्न झाले की बरी होईल म्हणून आजार लपवला जातो. औषध बंद करून तिला सासरी पाठवले जाते. तिथे आजार उफाळला की ती माहेरी परत येते, ती कायमचीच. तिच्या केसपेपरवर ‘परित्यक्ता’ एवढीच एक नोंद वाढते. ती चांगली शिवणकाम करते, बचत गटाचा हिशेब चोख ठेवत होती, याची नोंद कुठेच होत नाही.

तीन धोके

बलस्थानांची भाषा जपून वापरावी लागेल. कारण तिचा गैरवापर सहज होऊ शकतो.

पहिला धोका शासनाकडून आहे. ‘तुझ्यातच ताकद आहे, तूच ऊठ’ असे सांगणे स्वस्त असते. डॉक्टर नेमायला नकोत, औषधांचा साठा ठेवायला नको, नुसते प्रेरणेचे भाषण केले की झाले. बलस्थाने पाहणे म्हणजे मदत आखडती घेणे नव्हे. मेलबर्नच्या त्या तेरा जणांच्या पाठीशी पगारी कार्यकर्ता उभा होता, हे विसरून चालणार नाही.

दुसरा धोका असा की, कुटुंब हे बलस्थान म्हणून सारा भार कुटुंबावर लोटला जाईल. व्यवहारात कुटुंब म्हणजे आई, बायको किंवा धाकटी बहीण. तिची मजुरी बुडते, झोप बुडते, शिक्षण थांबते. तिच्या श्रमांना कोणी उपचार म्हणत नाही आणि त्यांचा मोबदलाही कोणी देत नाही. चेन्नईच्या कुटुंबांचे कौतुक करताना हे भान सुटता कामा नये.

तिसरा धोका दुःख नाकारण्याचा. हा आजार भयंकर आहे. आत्महत्येचा धोका त्याच्या पहिल्या काही वर्षांतच सर्वाधिक असतो. अशा वेळी ‘सकारात्मक राहा’ असे म्हणणे क्रूरपणाचे ठरते. आधी त्या मुलाचे भय ऐकून घ्यावे लागते. पखवाजाची आठवण त्यानंतर.

कार्यकर्त्याचे काम

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कार्यकर्त्याने काय करायचे?

आपल्या वस्तीत एखादा तरुण एकाएकी कॉलेज सोडून घरात बसला, रात्र-रात्र जागू लागला, एकटाच बोलू लागला, तर त्याच्या घरी जावे. घरचे आधी देवऋष्याकडे गेले असतील, तर त्यांची टिंगल करू नये. त्यांच्यासोबत जिल्हा रुग्णालयात जावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे, हे प्रत्येक कार्यकर्त्याच्या वहीत लिहिलेले असावे. मोहीम थांबली की नॉर्वेतसुद्धा उशीर वाढतो, तर आपल्याकडे वर्षातून एक दिवस फलक लावून काय साधणार?

विद्यार्थी संघटनेने प्राचार्यांना भेटून त्या मुलाची जागा राखावी, परीक्षेची सवलत मागावी, वर्गातल्या दोन मित्रांना त्याच्याकडे आठवड्यातून एकदा पाठवावे. कामगार संघटनेने कायदा वाचावा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना काढून टाकू शकत नाही. त्याला झेपेल असे दुसरे काम त्याच वेतनावर द्यावे लागते. मानसिक आजारातून घडलेल्या वर्तनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई करणे हा भेदभाव ठरतो, अशा आशयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात दिला आहे. मात्र आजच्या तरुणाला काम मिळते ते बहुधा कंत्राटदाराकडे, आणि त्याला हे संरक्षण नाही. कंत्राटी कामगाराचा प्रश्न आणि मनोरुग्णाचा प्रश्न इथे एकत्र येतात. एका महिन्याच्या आजारपणात ज्याची नोकरी जाते, त्याची बलस्थाने घेऊन तो कुठे जाणार?

२९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधण्यास बंदी केली आहे, शासकीय सेवेतून उपचार मिळण्याचा आणि समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. कायद्यातील हक्क पदरात पडण्यासाठी मागणी करावी लागते, हे आपणास नव्याने सांगायला नको. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील पदे भरली आहेत का, ग्रामीण रुग्णालयात औषध बाराही महिने मिळते का, रुग्णाला आणि सोबत्याला प्रवासखर्च मिळतो का, आणि त्या पथकात शिक्षण-नोकरीचे काम पाहणारा एक तरी माणूस आहे का, हे चार प्रश्न प्रत्येक जिल्हा परिषदेत विचारले गेले पाहिजेत. चौथा प्रश्न आजवर फारसा कोणी विचारलेला नाही. तो आपण विचारू या.

मित्रहो, दुष्काळात शेतकऱ्याकडे गेलेला कार्यकर्ता काय बुडाले याची यादी करतो, तसाच विहिरीत पाणी किती उरले आहे, बियाणे आहे का, बैल आहेत का, हेही विचारतो. कारण पुढचा हंगाम त्यावरच उभा करायचा असतो. आजारी तरुणाच्या दारात गेल्यावरही हाच प्रश्न विचारावा. त्याने दिलेले उत्तर लिहून घ्यावे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जावे.